आधी आपलं नाव

(सावंगी (मेघे), जि. वर्धा येथे एका दिवंगत शिक्षकाच्या स्मरणार्थ दिलेल्या व्याख्यानाचे लिखित रूप)



ज्यांच्या आठवणीसाठी आपण दरवर्षी जमतो ते सर गणित शिकवत, आणि शाळेचं नाटकही तेच बसवत. दोन्हीकडे त्यांचा नियम एकच होता : उत्तर चुकलं तरी चालेल, रीत दाखव. आज मी एका नाटकाची रीत तपासणार आहे. उत्तर सर्वांना ठाऊक आहे. एक मुलगा मरतो. तो तिथवर कसा आला, कोणाकोणाच्या हातून आला, हे आपण पायरी पायरीनं पाहू.

नाटक आहे महेश एलकुंचवार यांची ‘होळी’. १९६९ची ही एकांकिका. एलकुंचवारांचा जन्म १९३९चा, यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचा. म्हणजे इथून देवळीवरून जो रस्ता यवतमाळकडे जातो, त्याच मुलखातला हा लेखक. पुढे नागपुरात ते इंग्रजीचे प्राध्यापक झाले. विजय तेंडुलकरांचं ‘मी जिंकलो! मी हरलो!’ विजया मेहतांच्या दिग्दर्शनात त्यांनी नागपुरात पाहिलं आणि तिथून ते नाटकाकडे वळले. ‘सुलतान’ ही त्यांची एकांकिका ‘सत्यकथा’ मासिकात छापून आली, ती विजयाबाईंच्या नजरेस पडली, आणि ‘सुलतान’ व ‘होळी’ या दोन्ही एकांकिका त्यांनी ‘रंगायन’ या नाट्यसंस्थेतर्फे रंगमंचावर आणल्या. ‘वाडा चिरेबंदी’चा एलकुंचवार सगळ्यांना माहीत असतो. पण त्या वाड्याच्या पंधरा-सोळा वर्षं आधी हा लेखक एका वसतिगृहात शिरला होता. तो स्वतः कॉलेजात शिकवत होता. खोल्यांतला तो आवाज, तो कंटाळा, ती मस्ती त्याच्या कानांत रोजची होती.

गोष्ट एका दिवसाची आहे. होळीचा सण आहे आणि कॉलेजनं सुटी दिलेली नाही. वसतिगृहातली मुलं चिडलेली आहेत. चीड सुटीची असते का? सुटी हे निमित्त. कोणी आपलं ऐकत नाही, शिकतोय त्याला अर्थ दिसत नाही, पुढे नोकरीचा पत्ता नाही, ही खरी चीड. ती दंग्यात उतरते. मग वरून विचारणा होते : कोण होतं? नावं सांगा. एक मुलगा प्राचार्यांच्या दबावाखाली नावं सांगतो. मुलांना ते कळतं. आणि ज्यांनी सकाळपासून अन्यायाविरुद्ध आरडाओरडा केला, तीच मुलं संध्याकाळी आपल्यातल्याच एकाची विटंबना करतात. तो मुलगा जिवाला मुकतो. १९८४मध्ये केतन मेहतांनी यावर हिंदी चित्रपट केला. आमिर खान आणि आशुतोष गोवारीकर त्यात विद्यार्थी होते, आज नावाजलेली ही माणसं तेव्हा खरोखरच पोरसवदा होती.

लेखकानं दिवस कोणता निवडला ते पाहा. आपल्याकडे वऱ्हाडात आणि या वर्धेच्या बाजूला होळीच्या आधीचे आठ दिवस पोट्ट्यांचं राज्य असतं. घरी शेणाच्या चाकोल्या वाळत असतात, दुकानात गाठ्या टांगलेल्या असतात, आणि अंधार पडला की पोरं लाकडं जमवायला निघतात. जमवायला म्हणजे चोरायला. कुणाच्या वाडीचं फाटक, कुणाची मोडकी बाज, कुणाच्या शेतातला वखराचा दांडा. सकाळी म्हातारा ओरडत येतो, ‘कोण नेलं रे?’ आणि अख्ख्या आळीत एकही पोरगं तोंड उघडत नाही. गावही फार मनाला लावून घेत नाही. आपल्यापैकी किती जणांच्या आयुष्यातला तो पहिला सामूहिक गुन्हा असेल! आणि त्या रात्री आपण एक कायदा शिकतो, जो कुठल्या पुस्तकात नाही : नाव सांगायचं नाही.

हा कायदा वाईट आहे असं मी म्हणणार नाही. मैत्रीची पहिली शाळा तीच आहे. सोबत्याला पाठीशी घालणं, त्याच्या वाटची छडी खाणं, यातून मुलाला पहिल्यांदा कळतं की घराबाहेरही कुणाचं तरी आपण देणं लागतो. ज्याच्या अंगी हे नाही त्याच्याशी मैत्री कोण करेल? म्हणून ‘होळी’तली मुलं राक्षस नाहीत. त्यांच्याकडे नीती आहे. तिचं एकच कलम आहे, आणि ते कलम मोडणाऱ्याला कुठली शिक्षा द्यायची याला मात्र काहीच मर्यादा नाही. एका कलमाची नीती अशीच असते. ती माणसाला घट्ट बांधते आणि मग आवळते.

आपल्या भाषेचाही यात हात आहे. नाव सांगणाऱ्याला आपण किती शब्द ठेवलेत बघा. चहाडखोर, चुगलखोर, फितूर, घरभेदी, मास्तरांचा चमचा. ज्याला इतिहासातलं दुसरं काही आठवत नाही, त्यालाही सूर्याजी पिसाळ हे नाव शिवीसारखं तोंडपाठ असतं. आणि जो पाहतो, ज्याला कळतं, आणि जो गप्प राहतो, त्याच्यासाठी तेवढा झोंबणारा शब्द शोधा. सापडत नाही. उलट ‘भानगडीत पडत नाही’ म्हणून त्याचं कौतुक होतं. चौदा वर्षांचं मूल हा शब्दकोश घेऊन वसतिगृहात येतं. त्याला बोलण्याची भीती शिकवलेली असते, गप्प बसण्याची लाज शिकवलेली नसते.

म्हणून मला आज तीन शब्द वेगळे करून ठेवायचे आहेत : चहाडी, साक्ष आणि कबुली. तिन्हींत कोणाचं तरी नाव घेतलं जातं, त्यामुळे लांबून ती सारखी दिसतात. चहाडी म्हणजे आपला फायदा व्हावा किंवा आपली सुटका व्हावी म्हणून दुसऱ्याचं नाव घेणं. साक्ष म्हणजे कुणाला तरी वाचवण्यासाठी, आपल्याला त्रास होईल हे माहीत असून, पाहिलेलं सांगणं. आणि कबुली म्हणजे आपलं नाव घेणं. ‘होळी’तल्या त्या मुलाकडून घेतली गेली ती पहिली गोष्ट. सत्तेनं त्याच्याकडून चहाडी काढून घेतली आणि तिला खरेपणाचं नाव दिलं. दुसरी गोष्ट, साक्ष, त्याच्या वाट्याला कोणीच आणली नाही. त्याची विटंबना चालू असताना भोवती इतकी मुलं होती. आणि तिसरी, कबुली? दंगा साऱ्यांनी केला होता. ‘मी होतो’ असं कोणी म्हणालं?

आता मी थोडा वेळ नाटकाबाहेर जातो, कारण इथं वैद्यकाचे विद्यार्थी बसले आहेत आणि त्यांना पुरावा लागतो. सॉलोमन ॲश नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत एक प्रयोग केला. सात ते नऊ तरुण एका टेबलाभोवती बसवले. एका कार्डावर एक रेघ, दुसऱ्यावर तीन. तीनपैकी कोणती रेघ पहिल्या रेघेएवढी आहे, एवढंच सांगायचं. पाच वर्षांचं मूलही चुकणार नाही इतका फरक. पण त्यांतला खरा पाहुणा एकच होता. बाकीचे सारे आधी पढवून ठेवलेले होते आणि ते एकमुखानं चुकीचं उत्तर देत होते. त्या एकट्याची पाळी अगदी शेवटाकडे येई. अशा फेऱ्यांत जवळजवळ ३७ टक्के उत्तरं गटाच्या बाजूनं, म्हणजे उघड चुकीची आली. दर चार जणांमागे तिघे निदान एकदा तरी वाकले. इथं कोणी धमकी दिली नव्हती, आणि प्रश्न फक्त रेघेचा होता. वसतिगृहात प्रश्न रात्रीच्या जेवणाचा असतो, कोणाच्या शेजारी बसायचं याचा असतो, पुढची चार वर्षं कशी काढायची याचा असतो.

पण त्याच प्रयोगातली दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. ॲशनं पुढे पढवलेल्यांपैकी एकालाच खरं उत्तर द्यायला सांगितलं. बाकी सारे तसेच चुकीचे. एवढ्या एका सोबत्यामुळे चुकीच्या उत्तरांचं प्रमाण आधीच्या सुमारे एक चतुर्थांशावर आलं. गट तेवढाच मोठा होता, दबाव तोच होता. फक्त खरं बोलणारा दुसरा एक जण त्या टेबलावर बसला होता.

२००५मध्ये मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी मोटार चालवण्याचा एक संगणकी खेळ वेगवेगळ्या वयाच्या माणसांना दिला. १३ ते १६ वयाची मुलं एकटी असताना मोठ्यांपेक्षा फार वेडीवाकडी चालवत नव्हती. पण सोबत दोन मित्र बघत बसले की त्यांचा धोका घेण्याचा कल कितीतरी वाढला. २४ आणि त्यावरच्या वयाच्या माणसांत मित्र असले-नसले तरी फरक पडला नाही. म्हणजे ‘हा पोरगा एकटा असला की किती शहाणा असतो’ असं आई म्हणते, ते खरंच असतं. आणि वॉर्डन जे सांगतो, तेही खरं असतं. त्या वयात मूल एकटं एक असतं आणि घोळक्यात दुसरं असतं. त्यातलं कोणतं खोटं, हे विचारून उपयोग नाही. घोळक्यात त्याला सावरेल असं काय ठेवलं आहे, हे विचारलं पाहिजे.

आपल्या महाभारताला ॲशची गरज नव्हती. द्यूतसभेत भीष्म गप्प, द्रोण गप्प, विदुर बोलतो पण तो काका आहे. शंभर भावांतला एकच जण उभा राहून म्हणतो की हा अधर्म आहे. त्याचं नाव विकर्ण. कर्ण त्याला काय म्हणून गप्प करतो? तू पोर आहेस, मोठ्यांच्या गोष्टीत तोंड घालू नकोस, असं. त्या सभेत विकर्णाला दुसरा आवाज मिळाला नाही. आणि पुढे तोच विकर्ण भावांच्या बाजूनं लढतो आणि भीमाच्या हातून मरतो. भावांना सोडून तो जात नाही. मुलांनो, बोलणं म्हणजे आपल्या माणसांशी नातं तोडणं नव्हे, हे त्या एका पोरानं करून दाखवलं. आपण भीष्माच्या मौनावर पोथ्या लिहिल्या आणि विकर्णाच्या शब्दांना परीक्षेत एक गुणही ठेवला नाही.

तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७चं. म्हणजे ‘होळी’च्या दोनच वर्षं आधीचं. तिथं मोठी माणसं वेळ घालवायला खटल्याचा खेळ मांडतात आणि खेळता खेळता आपल्यातल्याच लीला बेणारेची शिकार करतात. दोन्ही नाटकांत क्रौर्याची सुरुवात खेळातून, सणातून होते, हे ध्यानात घ्या. ‘आम्ही गंमत करत होतो’ हे वाक्य प्रत्येक रॅगिंगच्या चौकशीत येतं. इंग्लंडच्या डेनिस केलींचं ‘डीएनए’ हे २००७चं नाटक मुलामुलींच्या अशाच एका टोळक्याचं आहे. एका मुलाला ते गंमत म्हणून छळत नेतात, तो खाली पडतो, आणि मग सारी अक्कल पणाला लागते ती झाकण्यासाठी. तिथं टोळकं गुन्हा लपवून एक होतं, आणि ‘होळी’त नाव सांगणाऱ्याला शिक्षा करून एक होतं. दोन्हीकडे एकीसाठी एक बळी लागतो. पण ‘होळी’त एक जास्तीचं पात्र आहे, जे मला झोपू देत नाही. ते म्हणजे नावं मागणारा माणूस.

कारण तो मी आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका शाळेच्या वसतिगृहाचा अधीक्षक होतो. तरुण होतो, शिस्तीचा होतो, आणि त्याचा मला अभिमान होता. होळीच्या रात्री मुलांनी भांडारातल्या दोन जुन्या खाटा आणि एक लाकडी शिडी होळीत घातली. सकाळी मी सगळ्यांना रांगेत उभं केलं. कोणी बोललं नाही. मग मी नववीतल्या एका मुलाला खोलीवर बोलावलं. तोच का? कारण तो गरीब होता, वडील मजुरीला जात, त्याची फी माफ व्हायचा अर्ज माझ्या टेबलावर होता. त्या अर्जाबद्दल मी एक शब्द काढला नाही. पण तो तिथं होता, आणि आम्हा दोघांनाही दिसत होता. मी त्याला म्हणालो, ‘तू खरं बोलणारा मुलगा आहेस.’ त्यानं पाच नावं सांगितली.

प्रार्थनेच्या वेळी मी ती वाचून दाखवली. कोणी सांगितली ते मी बोललो नाही, म्हणजे मी फार न्यायानं वागलो असं मला वाटलं. त्याला माझ्या खोलीतून बाहेर पडताना अख्ख्या वसतिगृहानं पाहिलं होतं. दुसऱ्या दिवसापासून त्याचं नाव ‘पेपरवाला’ पडलं. पंगतीत त्याच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या राहू लागल्या. रात्री त्याचं अंथरूण ओलं असायचं, कोणीतरी पाणी ओतलेलं. स्वयंपाकाच्या मावशींनी मला येऊन सांगितलं, ‘सर, पोट्टं जेवत नाही धड.’ मी म्हणालो, ‘पोरांचं पोरांत मिटते मावशी.’ हे वाक्य मी स्वतः उच्चारलेलं आहे.

परीक्षा झाली आणि त्याचे वडील दाखला न्यायला आले. भांडले नाहीत. दाखल्याची घडी खिशात घातली, दारापर्यंत गेले, वळले आणि म्हणाले, ‘सर, पोट्ट्यानं खरंच सांगतलं होतं ना?’ मी ‘हो’ म्हणालो. ते म्हणाले, ‘मंग?’

त्या एका ‘मंग’चं उत्तर माझ्याकडे तेव्हा नव्हतं. ते शोधण्यासाठी मी ‘होळी’ पुनःपुन्हा वाचली. तो मुलगा जिवानिशी वाचला, हे माझं नशीब, माझं कर्तृत्व नव्हे. आज मला इतकं कळतं की मी त्याच्याकडून पाच नावं घेतली, आणि सहावं नाव माझं होतं. भांडाराला कुलूप नव्हतं, मुलांना होळीसाठी लाकूड मी दिलं नव्हतं, आणि सगळ्यांत मोठं म्हणजे ज्याच्याकडून मी खरं काढलं त्याच्या रक्षणाची जबाबदारी मी घेतली नाही. ज्याला खरं हवं असेल त्यानं खरं सांगणाऱ्याच्या उशाशी बसायची तयारी ठेवली पाहिजे. नसेल, तर त्यानं विचारू नये.

मग करायचं काय? हा वर्धा जिल्हा आहे. इथं उत्तर शोधायला लांब जावं लागत नाही.

ज्या माणसानं सेवाग्रामला घर केलं, तोही एकदा पंधरा वर्षांचा होता. ‘सत्याचे प्रयोग’ तुम्ही वाचा, पण महात्म्याचं म्हणून वाचू नका, दहावीतल्या मुलाचं म्हणून वाचा. एक धाडसी मित्र आहे, त्याच्या नादानं नदीकाठी चोरून मांस खाणं आहे, काकांनी टाकलेली बिडीची थोटकं ओढणं आहे, नोकराच्या खिशातले पैसे चोरणं आहे. भावाचं कर्ज फेडायला त्याच भावाच्या सोन्याच्या कड्याचा तुकडा काढून विकणं आहे. सारं सोबत्यांच्या संगतीनं. आणि मग एक दिवस तो मुलगा चिठ्ठी लिहितो आणि आजारी वडिलांच्या हातात देतो. त्या चिठ्ठीत तो आपला अपराध लिहितो आणि आपल्यासाठी शिक्षा मागतो. वडिलांच्या डोळ्यांतलं पाणी त्या कागदावर पडतं, ते कागद फाडून टाकतात. लक्षात घ्या, सारं काही त्यानं सांगितलं असंही नाही. मांसाहाराचं आईवडिलांना शेवटपर्यंत कळलं नाही. कबुली एकदम पूर्ण येत नाही. ती एका नावापासून सुरू होते, आणि ते नाव आपलं असतं. याच मुलानं लहानपणी एका नाटक मंडळीचं ‘हरिश्चंद्र’ पाहिलं होतं आणि मनातल्या मनात ते किती वेळा खेळलं याची त्याला गणती नव्हती. नाटकानं काय होतं, असं मला कोणी विचारलं तर मी एवढंच सांगतो.

दुसरी गोष्ट सेवाग्रामचीच. ऑक्टोबर १९३७मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि त्यातून नई तालीम उभी राहिली. आर्यनायकम आणि आशादेवींनी सेवाग्रामला चालवलेल्या त्या शाळेत सूतकताई होती, शेती होती, हे सगळे सांगतात. तिथं मुलांची आमसभाही होती. स्वयंपाकाचा, सफाईचा, पाण्याचा मंत्री मुलंच निवडत आणि त्या कामाचा हिशेब सभेपुढे देत. चूक झाली तर ती सभेत, सगळ्यांच्या देखत बोलली जाई. एका मुलाला खोलीवर बोलावून कानात विचारणं आणि सगळ्यांनी गोल बसून विचारणं, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. कानात सांगितलेलं चहाडी होतं. गोलात सांगितलेलं साक्ष होऊ शकतं, कारण तिथं ऐकणाऱ्यालाही उत्तर द्यावं लागतं.

कायदाही आता त्याच दिशेनं बोलतो. महाराष्ट्रानं १९९९मध्ये रॅगिंगविरोधी कायदा केला. दोन वर्षांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, महाविद्यालयातून काढून टाकणं आणि पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश बंद, ही त्यातली शिक्षा साऱ्यांना माहीत असते. माझ्या दृष्टीनं महत्त्वाचं कलम वेगळं आहे. तक्रार आली की संस्थाप्रमुखानं सात दिवसांत चौकशी करायची, आणि त्यानं हयगय केली तर त्यानं त्या गुन्ह्याला साथ दिली असं मानलं जातं. म्हणजे कायद्यानंही ‘सहावं नाव’ लिहून ठेवलेलं आहे. २००९मध्ये हिमाचलातल्या एका वैद्यकीय महाविद्यालयात रॅगिंगनं एका विद्यार्थ्याचा जीव गेला. त्यानंतर त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाचे नियम आले, प्रत्येक विद्यार्थ्याकडून आणि पालकाकडून प्रतिज्ञापत्र घेतलं जाऊ लागलं. तुम्ही सगळ्यांनी ते भरलं असेल. त्या कागदावर ‘मी छळणार नाही’ असं लिहून घेतात. माझी इच्छा अशी, की त्यासोबत मनातल्या मनात आणखी एक ओळ प्रत्येकानं लिहावी : मी बघत राहणार नाही.

हे सावंगी गाव एके काळी शेतांनी वेढलेलं होतं. १९९०मध्ये इथं जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय आलं आणि आज रात्री या रस्त्यानं जाताना वसतिगृहांच्या खिडक्यांचे दिवे ओळीनं दिसतात. प्रत्येक दिव्याखाली कोणीतरी अठरा वर्षांचं आहे, घरापासून दूर. आता होळी अंगणात पेटायची वाट पाहत नाही. ती हातातल्या फोनवर पेटते. एका वर्गाचा व्हॉट्सॲप ग्रुप असतो, आणि एकाला वगळून केलेला दुसरा ग्रुप असतो. तिथं फोटो फिरतो, त्याखाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग लागते. त्या रांगेतला प्रत्येक चेहरा म्हणजे ॲशच्या टेबलावर चुकीची रेघ दाखवणारं एकेक बोट. तिथंही दुसऱ्या आवाजाला तेवढंच मोल आहे. ‘हे काढून टाका’ असं एकानं लिहिलं की पुढचा लिहायला मोकळा होतो. आणि हे आधी लिहिण्याचा खरा हक्क त्याला, ज्यानं कालच्या फोटोखाली स्वतः हसरा चेहरा टाकला होता. ‘काल मीही हसलो, चुकलो. हे काढा.’ या वाक्याला ग्रुपमध्ये उत्तर नसतं, कारण चमचा म्हणावं तर त्यानं आधी आपलंच नाव घेतलेलं असतं.

निवृत्तीच्या आधी काही वर्षं मी अकरावीच्या वर्गात ‘होळी’चं वाचन घेत असे. मुलांना भूमिका वाटून द्यायचो आणि विटंबनेच्या जागी येताच वाचन थांबवायचो. म्हणायचो, आता कोणालाही उठून आत जाता येईल. काय कराल? बहुतेक जण उठायचे आणि टोळक्याला उपदेश करायचे. ‘सोडा रे त्याला, बरं नाही हे.’ टोळक्याची भूमिका करणारी मुलं त्यांना हसण्यावारी न्यायची, कधी त्यांनाच ओढून आत घ्यायची. उपदेश करणारा वरून बोलतो आणि टोळक्याला वरून बोलणाऱ्यांचाच तर राग असतो. एका वर्षी एक मुलगी उठली. वर्गात कधी हात वर न करणारी. ती टोळक्याशी बोललीच नाही. त्या मुलाच्या शेजारी जाऊन उभी राहिली आणि नावं मागणाऱ्या प्राचार्यांच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाली, ‘सर, यादीत माझं नाव राहिलं. मी पण होते.’ क्षणभर कोणाला काही सुचेना. मग टोळक्यातला एक मुलगा, जो वाचनात सगळ्यांत जोरानं ओरडत होता, पुस्तक हातात तसंच धरून तिच्या बाजूला जाऊन उभा राहिला. त्याला मी काही सांगितलं नव्हतं.

ज्या यादीत सगळीच नावं असतात, त्या यादीवरून कोणा एकाला वेगळं काढता येत नाही. तिच्यातून चहाडी निघून जाते. एवढी साधी रीत मला त्या सकाळी सुचली नव्हती. मी रांगेपुढे उभा राहून ‘कुलूप लावायचं माझं काम होतं, ते मी केलं नाही’ असं आधी म्हणालो असतो, तर कदाचित दुसरा कोणी पुढे आला असता. कदाचित आलाही नसता. पण त्या मुलाला माझ्या खोलीत एकटं यावं लागलं नसतं.

या संस्थेतल्या वडीलधाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. येत्या होळीला वसतिगृहात ‘होळी’चं वाचन ठेवा. प्रकाशयोजना नको, नेपथ्य नको, मुलं गोल बसतील तेवढी जागा पुरे. वॉर्डननंही त्या गोलात खाली बसावं, आणि वाचनानंतर पहिली कबुली त्यानं द्यावी. मुलांना लाकूड हवं असेल तर ते आधी द्यावं. आणि मुलांनो, तुमच्या मजल्यावर पंगतीत जर कोणाच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या दिसल्या, तर आज रात्री ताट घेऊन त्यांतल्या एका जागेवर जाऊन बसा. काही बोलायची गरज नाही.

तो मुलगा आज चाळिशी ओलांडून गेला असेल. त्याचे वडील हयात असतील की नाही, मला ठाऊक नाही. त्यांच्या ‘मंग?’ला माझ्याकडून राहून गेलेलं उत्तर मी आज इतक्या लोकांसमोर देतो : तुमच्या मुलानं खरं सांगितलं होतं, दादा. पहिलं नाव मी घ्यायला पाहिजे होतं. मी घेतलं नाही.